रूथच्या सहीबद्दल

नगर, रविवार

प्रिय सुधाकर,

सलाम.

नाताळच्या कार्डाला उत्तर गेलं नाही म्हणून तू फुगून बसला असशील. बस. गुडघे तसेच, साखर आटोक्यात, हिचं मोतीबिंदूचं उरकलं. झालं आरोग्य. आता जे लिहितोय ते मंडळीत कुणाकडे काढलं तर लोक एक तर पेढे मागतील, नाहीतर "असल्या कर्मठ कॉलेजात कशाला?" म्हणून नाक मुरडतील. रूथचा बाप्तिस्मा तू केलास, तेव्हा तुझ्या डोक्याला ताप देण्याचा हक्क माझा आहे.

रूथ व्हीटन कॉलेजला अर्ज करतेय, जीवशास्त्र शिकवायला. शिकागोच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटर. म्हणायला कॉलेज, पण डॉक्टरेटपर्यंत शिकवतात. जगभर सुवार्ता सांगत फिरलेला बिली ग्रॅहॅम 1943 साली तिथूनच पदवीधर झाला, आणि विषय काय, तर मानववंशशास्त्र! तुझ्या उपदेशात हे कधी आलं नाही, तासभर बोलूनही.

काळजी पगाराची नाही, सहीची आहे. तिथे विश्वासाचा अंगीकार, म्हणजे काय काय मानतो त्याचा लेखी कागद, आहे आणि ट्रस्टी, प्राध्यापक, कर्मचारी असे सगळे तो दरवर्षी नव्याने मान्य करतात. लग्नाच्या रजिस्टरात सही केली की माणूस सुटला, इथे वर्ष पालटलं की पुन्हा कबुली. त्रैक्य, कुमारीपासून जन्म, वधस्तंभावरचं मरण, सदेह पुनरुत्थान, दुसरं येणं, यातलं काही आपल्याला नवं नाही. पवित्र शास्त्र मूळ लिखाणात चुकीविरहित आहे, हेही तुमच्या बिबवेवाडीच्या सेमिनरीवाल्यांना ऐकून घाम फुटणार नाही. घाम फुटतो तो आदामाला. देवाने आदाम आणि हव्वेला थेट निर्माण केलं आणि ती दोघं सबंध मानवजातीची ऐतिहासिक आईबाप आहेत, असं तिथे स्वच्छ लिहिलंय.

आता आपली पोर जनुकशास्त्रातली. माणसाच्या जनुकांत आज जी विविधता दिसते तिचा हिशेब मांडला, तर पूर्वजांची संख्या काही हजारांच्या खाली उतरत नाही, दोनावर तर नाहीच, हे तिच्या विषयात रोजचं आहे. गंमत म्हणजे अंगीकारात पृथ्वीचं वय कुठेच नाही. विज्ञानाच्या इमारतीत मॅस्टोडॉनचा सांगाडा उभा आहे, 1963 साली शेजारच्या ग्लेन एलिनमध्ये एका न्यायाधीशाच्या जागेत सापडलेला, दहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. त्याच्यावरून कुणाची नोकरी गेली नाही. म्हणजे जुनी पृथ्वी चालते, हत्तीचा चुलता चालतो. अडतं ते माणसापाशी.

हे आलं कुठून ते बघ. मूळ मसुदा 1926 चा. आदल्या उन्हाळ्यात डेटनला, शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून, स्कोप्स खटला गाजलेला, आधुनिकतावाद्यांशी भांडण ऐन भरात. पुढे 1961 मध्ये कॉलेजातच उत्पत्तीवर विज्ञान परिसंवाद झाला, बाहेर ओरड झाली, आणि ओरड शमवायला मानवाच्या थेट निर्मितीचं कलम जोडलं गेलं. ही कलमं अशीच येतात: आत कुणी प्रश्न विचारतो, देणगीदार आणि पालक अस्वस्थ होतात, मग एक वाक्य वाढतं. वाढलेलं वाक्य काढायचं धाडस सहसा कुणाला होत नाही.

आणि याच कॉलेजचा संस्थापक, जोनाथन ब्लँचर्ड, गुलामगिरीविरुद्ध हयात घालवलेला माणूस. कॉलेज 1860 चं, आणि 1866 साली एडवर्ड सेलर्स तिथून पदवीधर झाला. इलिनॉयमधल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय पदवीधरांपैकी तो एक. याच ब्लँचर्डने गुप्त संघटनांविरुद्ध, विशेषतः फ्रीमेसन लोकांविरुद्ध, इतका दंगा केला की तुझी पंचकमिटीशी झालेली भांडणं त्यापुढे पोरखेळ. पण 1939 मध्ये त्याच संस्थेने एका कृष्णवर्णीय मुलीला रंगावरून प्रवेश नाकारला. ते अलीकडे कॉलेजने स्वतःच चौकशी करून मान्य केलं आणि 2023 मध्ये ग्रंथालयावरून 1939 सालचे अध्यक्ष बसवेल यांचं नाव काढलं. म्हणून मी त्यांना दांभिक म्हणत नाही. ही माणसं कागद गांभीर्याने घेतात, आणि मला नेमकं त्याचंच भय आहे.

कारण कागद एक असला तरी तो वाचणारा वेगळा असतो. जोशुआ हॉक्शिल्ड तिथे मध्ययुगीन तत्त्वज्ञान शिकवायचा. कॅथलिक झाला. म्हणाला, अंगीकारातला प्रत्येक शब्द मला आजही मान्य आहे. अध्यक्ष लिटफिन म्हणाले, शास्त्र हाच सर्वोच्च अधिकार हे कॅथलिक माणूस आमच्या अर्थाने म्हणूच शकत नाही. 2005 मध्ये तो बाहेर. शब्दाला शब्द जुळत होता, नोकरी अर्थावर गेली.

मग लरीशा हॉकिन्स. हो, तेच आपलं 2016 चं भांडण. फोन तू आपटलास, मी नाही. राज्यशास्त्राची प्राध्यापक, कायम झालेली. डिसेंबर 2015 मध्ये मुसलमानांना पाठिंबा म्हणून हिजाब घातला आणि लिहिलं की ते आणि आपण एकाच देवाची उपासना करतो. कॉलेज म्हणालं, अडचण हिजाबाची नाही, त्या वाक्याची. आधी सक्तीची रजा, मग बडतर्फीची प्रक्रिया. सहकारी प्राध्यापकांची परिषद तिच्या बाजूने उभी राहिली, प्रोव्होस्टने, म्हणजे शैक्षणिक कारभाराच्या प्रमुखाने, माफी मागून प्रक्रिया मागेही घेतली, आणि तरी फेब्रुवारीत गोपनीय करार करून दोघं वेगळे झाले. तू म्हणालास, "कागद वाचून सही करावी." कागद दोघांनीही वाचला होता, बाबा. त्या देवाबद्दलचं वाक्य त्यात नव्हतंच.

आता आपल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांना तिथे उभं कर. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणारा, 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' या आपल्या मंडळात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही बसवणारा. सही त्यांनी केली असती, छंदात केली असती. वाचणाऱ्याने काय अर्थ लावला असता? रूथ त्याच भजनांवर वाढली. वर्गात नाही, पण जेवणाच्या टेबलावर ती काहीतरी बोलणारच.

वकिलाला विचारून उपयोग नाही. खाजगी धार्मिक संस्थेला विश्वास बघून माणूस ठेवायची मोकळीक 1964 च्या नागरी हक्क कायद्यातच आहे. वर ती एच-वन-बीवर. कॉलेज-विद्यापीठांना त्या व्हिसासाठी लॉटरीतून जावं लागत नाही, म्हणून हे सोपं वाटतं. पण नोकरी सुटली तर दुसरी शोधायला 60 दिवस, आणि कंपनीत जायचं तर लॉटरी आलीच. अमेरिकन माणूस तत्त्वासाठी नोकरी सोडतो, परदेशी माणसाला देश सोडावा लागतो.

मी तिला चार प्रश्न लिहून दिलेत, मुलाखतीत विचारायला. आदामाच्या कलमाचा अर्थ ठरवतो कोण: विभाग, प्रोव्होस्ट की अध्यक्ष? सहीसोबत स्वतःचं स्पष्टीकरण जोडता येतं का आणि ते फाइलमध्ये राहतं का? वर्षाच्या मध्यात मत बदललं तर सांगायचं कुणाला? आणि कायम होण्याआधी श्रद्धा आणि विषय यांची सांगड घालणारा जो निबंध लिहावा लागतो, तो वाचतं कोण? उत्तरं तोंडी मिळाली तर त्याच संध्याकाळी ईमेलने पक्की करून घ्यायची. तिचं म्हणणं, "बाबा, एवढं विचारलं तर घेणारच नाहीत." न घेतलं तर बरंच, असं मला वाटतं. हिला वाटत नाही.

आचारसंहिता वेगळी आहे, तिची मला फिकीर नाही. 2003 पर्यंत तिथे विद्यार्थ्यांना नाच वर्ज्य होता, 143 वर्षांनी आवारात पहिला नाच झाला. रूथला नाचता येत नाही, तुझ्या मुलाच्या लग्नात सगळ्यांनी पाहिलंय. हो, 2015 मध्ये गर्भनिरोधकांच्या सरकारी नियमावरून त्यांनी विद्यार्थ्यांचा आरोग्य विमाच बंद केला, तेवढं तिच्या कानावर घालून ठेवलंय.

तुझ्याकडे काय? दादरचं घर विकलंस का? सूनबाईंची बदली रद्द झाली म्हणे, बरं झालं. वहिनींना सलाम. माझं टिळकांचं पुस्तक तुझ्याकडे 1988 पासून आहे, विसरलो नाही.

एक काम कर. गुरुवारी आपल्या रात्री नऊनंतर रूथ मोकळी असते. तिला फोन कर आणि आदामाबद्दल तुझं खरं मत सांग. चर्चमध्ये देतोस ते नको, यवतमाळच्या होस्टेलवर दिवे गेल्यावर द्यायचास ते. माझं ऐकून तिचा जबडा आवळतो, तुझं ऐकून ती निदान वाद घालेल.

तुझा,
विनायक