चि. अश्विनीस: बोर्डाला उभी राहा

चि. अश्विनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "अण्णा, स्कूल बोर्डाला उभी राहू का?" आणि तेवढ्यात तुझ्या आईने ओवीच्या दाताचा विषय काढला. माझं उत्तर राहूनच गेलं, म्हणून सविस्तर लिहितो. न्यू जर्सीतल्या तुमच्या गावच्या शाळांवर देखरेख ठेवणारं, लोकांनी निवडून दिलेलं हे मंडळ. उभी राहा. जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चार वाजता अर्जाची मुदत संपते, असं तूच सांगितलंस. अर्जावर ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या लागतात, पण नेमक्या तेवढ्यांवर थांबू नकोस. एखाद-दुसरी सही बाद झाली, तर केवळ तेवढ्यावरून अर्ज जाऊ नये. निवडणुकांची कागदपत्रं मी जन्मभर पाहिली आहेत, म्हणून हे आधी सांगून टाकतो.

जावईबापूंना काळजी वाटते, ती मला कळते. तीन वर्षांची मुदत, मानधन एक पैसा नाही, वर नोकरी, ओवीचं सगळं, आणि लोकांची बोलणी. २०१७ साली तुमच्या शेजारच्या एडिसनमध्ये बोर्डाच्या निवडणुकीत काय झालं, तेही त्यांनी मला सांगितलं. एक भारतीय वंशाची बाई आणि एक चिनी वंशाचा गृहस्थ उभे होते. चिनी आणि भारतीय लोक गाव ताब्यात घेताहेत असं छापलेली, त्या दोघांच्या फोटोंवर 'हाकलून द्या' असा शिक्का मारलेली कार्डं घरोघर टपालाने गेली. ऐकून माझा जीव गलबलला. पण ते दोघंही निवडून आले, हेही लक्षात ठेव. ज्या मतदारांच्या दारात ती कार्डं पडली, त्यांनीच त्यांना निवडून दिलं. तुझ्या गावातही असे मतदार आहेत.

आता मुख्य गोष्ट. तू कोणासाठी उभी राहतेस, हे अर्ज भरण्याआधी मनाशी नक्की कर. मराठी मंडळाची माणसं तुझ्या पाठीशी राहतील, गुजराती-तेलुगू मंडळीही येतील, आणि पहिली मागणी दिवाळीच्या सुट्टीची असेल. सुट्टी जरूर मागावी, शाळेचं वेळापत्रक बोर्डच मंजूर करतं. पण ज्यांना सुट्टी हवी आहे ती माणसं सभेला येऊन बोलू शकतात, त्यांना इंग्रजी येतं, गाडी आहे, संध्याकाळ मोकळी आहे. मला बोलायचंय ते सभेला येऊ न शकणाऱ्यांबद्दल.

तुझ्याकडे होतो तेव्हा ओवीला शाळेत सोडायला मी चालत जायचो. तुला तिला गाडीने सोडणं सोयीचं होतं, पण मला चालायची सवय. वाटेत तो मोठा रस्ता लागतो. एका बाजूला फुटपाथ आहे, तो पेट्रोल पंपापाशी एकदम संपतो. पुढे गवतावरून, आणि बर्फ पडला की रस्ता साफ करणाऱ्या गाडीने बाजूला लोटलेल्या बर्फाच्या ढिगावरून चालायचं. तिथे मला रोज दोन भावंडं भेटायची, मागच्या अपार्टमेंटमधली. मोठी बहीण धाकट्याच्या दप्तराचा पट्टा घट्ट धरून उभी असायची, सिग्नल पडला की त्याला जवळजवळ ओढत पलीकडे न्यायची. त्यांची आई गोदामात रात्रपाळीला असते, हे मला पुढे शाळेच्या फाटकावर कळलं. टर्नपाइक हायवेच्या आठ-ए एक्झिटजवळ ती गोदामं मैलोनमैल पसरली आहेत, तू दाखवली होतीस. ती बाई सकाळी घरी पोचते तेव्हा मुलं निघून गेलेली असतात.

मी तुला तेव्हा विचारलं होतं, यांना बस का नाही? तू म्हणालीस, ती दोन मैलांच्या आत राहतात. न्यू जर्सीचा कायदा असा आहे, आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांपेक्षा लांब असेल, हायस्कूलच्या मुलाचं अडीच मैलांपेक्षा, तरच बस देणं शाळा-जिल्ह्याला, म्हणजे गावच्या शाळांच्या कारभाराला, बंधनकारक. त्याच्या आतल्या मुलाला बस द्यायची की नाही, हे बोर्डाच्या मर्जीवर. दिली तर खर्च गावाचा, राज्याची मदत नाही. काही ठिकाणी पालकांकडून पैसे घेऊन बस देतात. रात्रपाळीच्या बाईने दोन मुलांचे पैसे कुठून भरायचे?

आपल्याकडेही अंतर मोजतातच. शिक्षण हक्काच्या नियमांत पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी असं लिहिलंय. आणि २०२३ साली सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले, तेव्हा डोंगरातल्या प्रत्येक वस्तीवर एकच प्रश्न होता: पावसाळ्यात ओढा भरला की लेकरू पलीकडे कसं जाणार? फायलीत अंतर सरळ रेषेत मोजलेलं असतं. पावलांनी मोजायला कोणीतरी त्या वाटेवरून गेलेलं माणूस त्या खोलीत बसलेलं लागतं. तू त्या रस्त्यावरून गेली आहेस.

तू आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलीस तेव्हा शाळा व्यवस्थापन समिती नव्हती. ती आली २००९ च्या कायद्याने. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक सदस्य सचिव. पुष्कळ गावांत ही समिती प्रोसिडिंग बुकातच भरते, वही घरोघर फिरते आणि अंगठे-सह्या गोळा होतात, हे मी नाकारत नाही. पण नीट बसली तर काय होतं, तेही मी पाहिलंय. आमच्या समितीत एक ऊसतोड करणारी बाई होती. दसरा झाला की टोळी निघायची, मुकादमाची उचल घेतलेली, पुन्हा गावात यायचं ते होळीच्या पुढे-मागे. लेकरं मागे ठेवायची तर हंगामी वसतिगृह लागायचं, ते चालवायचं समितीने आणि त्याची यादी आधी पाठवावी लागायची. त्या बाईने सभेत बसून वस्तीवरची घरं एकेक करून सांगितली. कोणाची आजी मागे राहणार, ती रांधू शकते की नाही, कोणाची पोरगी धाकट्याला सांभाळायला म्हणून फडावर नेणार आहेत आणि तिला कसं थांबवता येईल. मी लिहून घेत होतो. इतर सदस्य गप्प ऐकत होते, कारण ही माहिती गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. त्या हंगामात ती पोरगी शाळेत राहिली. तुझ्या बोर्डावर असं माणूस नसेल, कारण रात्रपाळीची बाई तीन वर्षं बिनपगारी सभांना बसू शकणार नाही. मग तिच्या वतीने कोणी तरी बसायला हवं. माझी इच्छा आहे, ते तू असावंस.

मात्र प्रचारात "बस मिळवून देईन" असं कोणालाही म्हणू नकोस. मी तुमच्या राज्याची सदस्यांसाठीची आचारसंहिता वाचली, मला ती फार आवडली. शाळा चालवणं हे सदस्याचं काम नाही, ती नीट चालते की नाही हे इतर सदस्यांबरोबर बघणं हे काम, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. अधिकार बोर्डाला आहे, एकट्या सदस्याला नाही, आणि सदस्याने वैयक्तिक आश्वासनं द्यायची नाहीत. नऊ जणांत तुझं एक मत. शिक्षकाची नेमणूकसुद्धा सुपरिंटेंडेंटच्या, म्हणजे शाळांच्या मुख्य अधिकाऱ्याच्या, शिफारशीशिवाय होत नाही. म्हणून एवढंच सांग: हा प्रश्न मी अजेंड्यावर आणीन, त्याचा खर्च काढायला लावीन, आणि धोक्याचे रस्ते कोणते याची यादी मागीन. निवडून आलीस की ओळखीतलं कोणी "माझ्या भाचीला तिथे लावून दे" म्हणेल. आपल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं, पण ते तुला करावं लागेल.

पैशाचं नीट समजून घे. तुमच्या राज्यात घरपट्टी देशात सर्वांत जास्त, आणि तिच्यातला निम्म्याच्या आसपास भाग शाळेला जातो. शाळेसाठीची करआकारणी वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही अशी मर्यादा आहे, काही अपवाद सोडले तर. म्हणजे बससाठी पैसे काढायचे तर कुठून तरी कमी करावे लागणार, आणि ते कुठून, हे तुला सांगता आलं पाहिजे. ज्यांची मुलं कधीच शिकून बाहेर पडली अशा म्हाताऱ्या घरमालकांच्या दारातही जा. तेही कर भरतात. त्यांच्याशी खर्चाचं बोल, टाळू नकोस. महात्मा फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो. कर कोण भरतो आणि शाळेचा पैसा कोणाच्या मुलापर्यंत पोचतो, हा प्रश्न एडिसनच्या आसपासही विचारण्यासारखा आहे.

तू तिथली नागरिक झालीस तेव्हा आईला वाईट वाटलं होतं. मला तिचं मन मोडवत नाही, पण तेव्हापासून मला वाटत आलंय, की ज्या गावात तुझं लेकरू शिकतं त्या गावाच्या कामात तुझा हात असावा. मतपत्रिकेवर बोर्डाची नावं इतर मोठ्या निवडणुकांच्या मानाने मागे पडतात, पुष्कळ लोक तिथपर्यंत पोचतच नाहीत. पक्षाचं नावही नसतं. त्यामुळे माणूस ओळखीचा असणं फार महत्त्वाचं. त्या अपार्टमेंटमध्ये जा. तिथे मत देऊ शकणारे किती, हे बघू नकोस, जे देऊ शकत नाहीत त्यांच्याकडेही बस. दुपारी जा, सकाळी झोपलेले असतात.

एक काम माझ्यासाठी कर. शाळा-जिल्ह्याचं ते सोप्या भाषेतलं अंदाजपत्रक वेबसाइटवर टाकावंच लागतं म्हणालीस, त्याची पीडीएफ मला पाठव, मागच्या वर्षाचीही. वाहतुकीचा खर्च कोणत्या सदरात दाखवलाय आणि तो कितीने वाढलाय, हे मी इथे बसून काढून ठेवतो. तुला वेळ मिळणार नाही, मला आहे. आणि सह्यांचा कागद अर्ज घेणाऱ्या क्लार्ककडे देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेव.

ओवीला गोड पापा. जावईबापूंना नमस्कार.

तुझे,
अण्णा