टेन्शनर बदलल्यावर खडखडणाऱ्या इंजिनाबद्दल मिस्त्रीकाकांना आभाराचं पत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,
स. न. वि. वि.

2003 साली भारतात आलेल्या टोयोटा कोरोलाच्या 1794 सीसी इंजिनात, म्हणजे 1झेडझेड-एफई मध्ये, क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) यांना जोडणारी टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर बाहेरून दोन नटांवर बसतो. त्याचा ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी सील, कडक झाला की तेल झिरपायला लागतं. टायमिंग कव्हर न उघडता तो बदलता येतो, म्हणून घरी पाना हातात धरणारे आम्ही हे काम बिनधास्त काढतो. त्यानंतर गाडी खडखडली, आयडलिंग हललं किंवा सेल्फ मारूनही इंजिनाने धरलं नाही, की सल्ला ठरलेला असतो: चेन किट टाका, हेड उतरवा. तुम्ही फोनवर तसं म्हणाला नाहीत. "कामाआधी हा आवाज होता का? नव्हता ना? मग जिथे हात लागलाय तेवढंच आधी बघा," असं तुम्ही सांगितलंत. या पत्राचं कारण ते वाक्य, आणि त्यामागून तुम्ही न कंटाळता समजावलेला क्रम.

तुम्ही सर्वांत आधी विचारलंत ते हुकाबद्दल, म्हणजे टेन्शनरचा प्लंजर (चेनकडे सरकणारा दांडा) आत अडकवून ठेवणाऱ्या आकड्याबद्दल. टेन्शनर काढला की स्प्रिंगमुळे प्लंजर पूर्ण बाहेर येतो, आणि आतलं रॅचेट त्याला मागे जाऊ देत नाही. तो तसाच ठेवून नटांनी ओढून बसवला तर चेन नको तेवढी ताणली जाते आणि स्लिपर (चेनला टेकणारी पट्टी) मोडू शकतो. म्हणून खटका उचलायचा, प्लंजर आत दाबायचा, हूक त्याच्या पिनवर अडकवायचा, नवीन ओ-रिंगला इंजिन ऑइल लावायचं आणि मग बसवायचं. नटांना टॉर्क फक्त 9 न्यूटन-मीटर, म्हणजे मीटरभर लांब पान्यावर एक किलोहूनही कमी जोर. 10 चा पाना हाताने जोर लावून आवळला तर स्टड तुटलाच म्हणून समजा. इथवर बहुतेक जण नीट करतात. पुढची पायरी सुटते ती हूक सोडवण्याची. पुलीकडे तोंड करून क्रँक थोडा उलटा, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरवला की चेन स्लिपरला ढकलते, हूक सुटतो आणि प्लंजर बाहेर उसळतो. मग क्रँक सरळ फिरवून प्लंजरने स्लिपर दाबून धरलाय का ते पाहायचं. नुसतं फिरवून सुटला नाही तर स्क्रू-ड्रायव्हरने स्लिपर टेन्शनरकडे दाबायचा. हूक अडकलेला असतानाच सेल्फ मारला तर सैल चेन कव्हरवर आपटते आणि दात सोडू शकते. आवाज पुढच्या बाजूने, धातूवर धातू घासल्यासारखा आणि सतत आला, तर त्याच क्षणी किल्ली फिरवून बंद करा, हे तुम्ही आम्हाला तीन-तीनदा बजावलंत. त्याबद्दल विशेष आभार.

टेन्शनर बाहेर असताना इंजिन अजिबात हलता कामा नये, हे पुस्तकात असतं. पण गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाकाखाली लाकूड घालायचं, कारण गिअरमध्ये असलेली गाडी कुणी जरा ढकलली तरी क्रँक फिरतो, हे सांगायला अनुभवी माणूसच लागतो.

थंड इंजिनावर पहिले एक-दोन सेकंद येणारी खडखड वेगळी, हेही तुम्ही समजावलंत. टेन्शनर रिकामा असतो आणि स्प्रिंगच्या जोडीला तेलाचा दाब आल्यावरच तो पूर्ण ताकदीने काम करतो. म्हणून नवीन टेन्शनर टाकल्यावर इंजेक्टर आणि कॉइल दोन्हींचे कनेक्टर काढायचे आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत दहा-दहा सेकंद, मध्ये विश्रांती देत, सेल्फ मारायचा. नुसत्या कॉइल काढल्या तर पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धुऊन टाकतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत (धूर शुद्ध करणाऱ्या भागापर्यंत) पोचतं. घट्ट तेल भरलेल्या गाडीत हा सुरुवातीचा आवाज लांबतो, म्हणून ग्रेड पुस्तकातलाच ठेवावा.

आवाज चेनचाच आहे कशावरून? फॅन बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवा, असं तुम्ही सुचवलंत. आवाज गेला तर तो आल्टरनेटरच्या किंवा आयडलरच्या बेअरिंगचा. अर्धा मिनिटच, कारण त्या बेल्टवर पाण्याचा पंपही असतो. तीनशे रुपयांच्या बेअरिंगसाठी उघडली जाणारी किती टायमिंग कव्हरं या एका युक्तीने वाचतील!

आणि मग ज्या वायरींना काम करताना हात लागतो त्या. इंजिन फिरतंय पण धरत नाही, तर क्रँक सेन्सरचा प्लग आधी. मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटणं) असेल तर कॉइलचे कनेक्टर आपापल्या जागी आणि खटका लागेपर्यंत बसलेत का ते बघावं. आयडलिंग वर-खाली होत असेल तर सुटलेला व्हॅक्युम पाइप.

एवढं करूनही इंजिन हलत राहिलं, तरच टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडायचं. 1 नंबरचा पिस्टन वर आणायचा, पुलीची खाच टायमिंग कव्हरवरच्या शून्याला लावायची आणि दोन्ही कॅम स्प्रॉकेटच्या खुणा हेडच्या पातळीत समोरासमोर येतात का ते पाहायचं. खुणा विरुद्ध बाजूंना दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरवायचा. चेनवरच्या रंगीत कड्या जुळत नाहीत म्हणून अनेकांचा धीर सुटतो. त्या कड्या फक्त बसवतानाच्या सोयीसाठी असतात आणि इंजिन फिरल्यावर लगेच खुणांवरून सरकतात, हे तुमच्याकडून ऐकल्यावर जिवात जीव आला. खुणा जुळल्यावरही हाताने दोन पूर्ण फेरे, हळूहळू, सरळ दिशेने. कुठे कडक लागलं तर जोर लावायचा नाही. क्रँकच्या चाकाला 18 दात असतील तर एक दात सरकणं म्हणजे क्रँकचे पूर्ण 20 अंश. इतका फरक डोळ्यांना दिसतोच, अंदाज बांधत बसावं लागत नाही.

खुणा पाहण्याआधीच संशय पक्का करायचा असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजायचं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडं, बॅटरी भरलेली. चारही सिलिंडर सारखेच कमी आले तर टायमिंग सरकल्याचा संशय बळावतो. एकच कमी आला तर व्हॉल्व्ह किंवा रिंग, आणि त्याचा टेन्शनरशी बहुधा संबंध नाही. किमान 10 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) आणि एकमेकांतला फरक 1 किलोच्या आत, हे तुमचे आकडे आम्ही वहीत उतरवून घेतलेत. व्हॅक्युम गेजही तेच सांगतो. निरोगी इंजिनाचा काटा आयडलला 17 ते 21 इंचांवर (पाऱ्याच्या) स्थिर असतो, टायमिंग मागे पडलं की स्थिर राहूनच खाली येतो. पुणं 560 मीटर उंचीवर आहे, तेव्हा इथे काटा मुंबईपेक्षा जवळजवळ दोन इंच कमीच दिसणार. हे लक्षात न घेता चांगल्या इंजिनाला दोष देऊ नका, ही तुमची सूचना आम्हाला फार मोलाची वाटते.

स्कॅनरवर क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा कोड, पी1346 किंवा नंतरच्या गाड्यांत पी0016, आला, तरी चेनने दात सोडलाच असं धरू नये. व्हीव्हीटीचा (तेलाच्या दाबाने कॅमचं टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेचा) ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकला तरी तोच कोड येऊ शकतो. त्याचा रेझिस्टन्स 20 अंश तापमानाला 6.9 ते 7.9 ओहम असावा. आयडलिंग चालू असताना त्याला थेट बॅटरीचे 12 व्होल्ट दिले की इंजिन हललं किंवा बंद पडलं पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह काढून साफ करायचा आणि त्याची बारीक जाळीही बघायची.

काका, गिऱ्हाईक तुमच्या गॅरेजात येणार नाही हे माहीत असूनही तुम्ही हे सगळं सांगितलंत, आणि पैशांची गोष्ट एकदाही काढली नाहीत. आणखी एक विनंती आहे. बाजारात मिळणारा कोणता ओ-रिंग गरम तेलात टिकतो आणि कोणता वर्षभरात पुन्हा झिरपतो, हे सवडीने कळवावं. नग कमी-जास्त जाडीचे मिळतात आणि नुसतं पाहून ओळखता येत नाहीत.

आपले ऋणी,
घरीच कोरोला उघडणारी मंडळी