वेढ्याला वेढा लावायला शिकवणाऱ्या अण्णांना

तीर्थस्वरूप अण्णा,
साष्टांग नमस्कार.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुम्हाला वाचन बंद ठेवायला सांगितलंय, म्हणून हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील. घरी येऊन बोलायला लागले की तुम्ही ‘ऱ्हाऊ दे गं’ म्हणता, चहा मागवता आणि विषय तिथंच मोडता. म्हणून या वेळी चारचौघांत लिहितेय. आता तुम्हाला ऐकावंच लागेल.

2020 चा ऑक्टोबर तुम्हाला आठवत असेलच. इचलकरंजीतले माग नुकते सुरू झाले होते आणि तुमच्या मोटर वाइंडिंगच्या, म्हणजे जळलेल्या मोटरींत नवी तार भरून देण्याच्या, दुकानासमोर मोटरींची रांग लागली होती. महिनोन्‌महिने बंद राहून ओल धरलेल्या मोटरी बटण दाबलं की जळत होत्या. तुम्हाला पाणी प्यायला सवड नव्हती. अशात कॉलेजातली एक मुलगी मास्क लावून दारात उभी राहिली आणि म्हणाली, “थोडी तांब्याची तार मिळेल का?”

तुम्ही मान वर न करता विचारलंत, “कशाला?”

“कानातले करायचेत.”

त्याआधी मी दोन दुकानांत विचारलं होतं. एकाने हसून घालवलं, दुसऱ्याने कुठल्या मोटरीचं काम आहे ते वडलांना येऊन सांगू दे म्हटलं. तुम्ही नुसतं विचारलंत, “कितवा नंबर पायजे?” तारेच्या जाडीला नंबर असतात हेच मला माहीत नव्हतं. पण आपल्या कामाबद्दल कुणी कामाचा प्रश्न विचारतंय, हे मला पहिल्यांदा त्या दिवशी अनुभवायला मिळालं. तुम्ही रिळांच्या तळाला उरलेले तीन तुकडे काढून दिलेत, 18, 22 आणि 26 नंबरचे, आणि प्रत्येकाला चिकटपट्टी लावून त्यावर नंबर लिहिलात. त्या चिकटपट्ट्या अजून माझ्या डब्याच्या झाकणावर आहेत.

तार घरी नेली आणि तिचा तो मधासारखा लालसर रंग तांब्याचाच आहे असं समजून बसले. ते इनॅमल असतं, तारेवरचा पातळ लेप, वेढे एकमेकांना लागून शॉर्ट होऊ नयेत म्हणून दिलेलं, हे तुम्ही दुसऱ्या खेपेला सांगितलंत. मी ते गॅसवर जाळून काढायला निघाले होते. तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात तो तेव्हा. जळक्या मोटरींचा धूर आयुष्यभर छातीत घेतलेला माणूस सांगत होता, म्हणून ते लगेच पटलं. पॉलिश पेपरची पट्टी दुमडून तार तिच्यातून ओढायची, तार फिरवायची, परत ओढायची. बोटं दुखतात, पण खालून जे तांबं निघतं त्याला तोड नाही.

आणि मग तो वेढा. माझ्या पहिल्या पेंडंटवर मी बारीक तार गुंडाळली होती, कुठे दाट, कुठे विरळ, आणि मला ते कलात्मक वाटत होतं. तुम्ही ते दुकानाच्या दाराशी उजेडात धरलंत. “काय करालीस हे? मधनं उजेड दिसाया नको. वेढ्याला वेढा लागला पायजे.” मग स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा, तार भरायचा भाग, बाजूला सारून तुम्ही माझ्या हातातलीच तार घेतलीत. डाव्या अंगठ्याच्या नखाने आधीचा वेढा दाबून धरायचा, उजव्या हाताने तार ताणलेली ठेवायची, पण ओढायची नाही, आणि ती किंचित मागे झुकवून वळवायची. म्हणजे नवा वेढा आपोआप आधीच्याच्या अंगाला येऊन बसतो. तुम्ही दहा वेढे घातलेत. त्यावरून नख फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. मी त्या रात्री एका खिळ्यावर चारशे वेढे घातले, मोजून, आणि सगळे उलगडून टाकले.

उलगडलेली तार परत वापरायची नाही, हेही तुमच्याकडूनच. तांबं वाकवलं की त्या जागी कडक होतं. सरळ करून पुन्हा वाकवलं तर आणखी कडक होतं आणि शेवटी तिथंच तुटतं. एकतर ती तापवून मऊ करायची, नाहीतर बाजूला टाकायची. माझ्या डब्यात चुकलेल्या तारांची वेगळी पिशवी आहे ती तेव्हापासून.

मध्यंतरी एका वेबसाइटवरून 20 नंबरची तार मागवली. आली ती हाताला बारीक लागली. तुम्ही मायक्रोमीटर लावलात. 0.81. “आपलं 20 म्हंजे 0.914.” अमेरिकन मापाचं गेज, म्हणजे जाडीचा नंबर, आणि आपल्याकडे वाइंडिंगला चालणारं ब्रिटिश गेज वेगळं, हे मला त्या आकड्यांतून कळलं. तेव्हापासून मी नंबर विचारते, पण विश्वास मिलिमीटरवर ठेवते.

आता ज्या गोष्टीबद्दल मी तुमच्याशी नीट कधी बोलले नाही, ती सांगते. मी केलेले तांब्याचे झुमके मैत्रिणीच्या बहिणीने हळदीला घातले. उन्हाळा, घाम, चार तास. रात्री तिचा कान सुजला आणि आकडा घातलेल्या भोकाभोवती हिरवं धरलं. मी रडत तुमच्याकडे आले. मला हे सगळं सोडून द्यायचं होतं. तुम्ही समजूत घातली नाहीत. विचारलंत, “बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं तर काय हुतंय?” कळकतं. “मग कानात काय हुणार?” तांबं बाहेर शोभू दे, अंगात जाणारा आकडा चांदीचा घाल, एवढंच सांगून तुम्ही पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवलंत आणि मला गाडीवर मागे बसवून हुपरीला नेलंत.

हंगामात रविवारचं दुकान बंद ठेवण्याची किंमत मला तेव्हा कळली नव्हती. आज कळते.

हुपरीची चांदी आणि पैंजण आपल्या भागात कुणाला सांगायला नकोत, पण तार जन्माला येताना मी तिथेच पहिल्यांदा पाहिली. पोलादी पट्टीत उतरत्या मापाची भोकं. चांदीच्या कांबीचं टोक कानशीने निमुळतं करून भोकात घालायचं, पलीकडून पकडीने धरून ओढायचं, मग त्याहून लहान भोक, मग त्याहून लहान. चारसहा भोकांनंतर तार कडक होते, ती तापवून पुन्हा मऊ करायची आणि परत ओढायची. जितके वेळा ओढाल तितकी बारीक. तार बारीक होते तसा नंबर वाढत का जातो, हे कोडं तिथं उभ्या उभ्या सुटलं. त्या कारागिराने सांगितलं की दागिन्याची चांदी 92.5 टक्के असते, उरलेलं बहुतेक तांबंच, नाहीतर ती फार मऊ पडते. तुम्ही केवढ्या आनंदाने माझ्याकडे बघितलंत! “म्हंजे आपलं तांबं कानात गेलंच की.”

नथीचं तर पूर्ण श्रेय तुमचं आहे. आजीची नथ बघून मला तारेची नथ करायची होती. 26 नंबरची तार मोत्याच्या भोकातून एकदा जायची, दुसऱ्यांदा नाही. 30 नंबरची दोनदा जायची, पण नथ नाकाला लावली की ओल्या गजऱ्यासारखी लोंबायची. तीन आठवडे मी एकच तार सगळं काम करील अशी शोधत होते. तुम्ही ती लोंबणारी नथ तळहातावर ठेवलीत, उघड्या मोटरीकडे बोट केलंत आणि म्हणालात, “गाभा येगळा असतोय गं. वेढा येगळा.” घरी येऊन 22 नंबरचा सांगाडा वळला, लोखंडी ठोकळ्यावर ठेवून लाकडी मोगरीने हलके ठोकून कडक केला, आणि मोती त्याला 30 नंबरने बांधले. ती नथ आजीने नातवाच्या बारशाला घातली. आता माझ्याकडे सगळ्यात जास्त मागणी त्याच नथीला आहे आणि प्रत्येक नथ त्याच पद्धतीने होते.

नंतर एका पुस्तकात वाचलं की अलेक्झांडर काल्डर हा मोठा अमेरिकन शिल्पकार लहानपणी रस्त्यावर पडलेल्या तांब्याच्या तारा उचलून बहिणीच्या बाहुल्यांचे दागिने करायचा. पुढे त्याने हजारावर दागिने केले, आणि 1955 साली तो अहमदाबादला येऊन राहिला, तिथेही काम केलं. मी हे धावत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही वॉर्निशचा ब्रश खाली न ठेवता म्हणालात, “तर मग. त्यो बी उरलेलंच उचलत हुता.” त्या एका वाक्याने मी आणि तो एकाच रांगेत उभे राहिलो. तुम्ही ते सहज बोललात हे मला माहीत आहे. मला ते वर्षभर पुरलं.

पण ज्यासाठी हे पत्र आहे ते वेगळंच. पहिलं वर्षभर तुम्ही मला तार फुकट दिलीत. मग कोल्हापूरच्या एका प्रदर्शनात माझे सात दागिने विकले गेले. ते सांगायला पेढे घेऊन आले, तेव्हा तुम्ही पेढा खाल्लात, हात पुसलात, मी मागितलेली तार तराजूत टाकलीत आणि वही काढलीत. शंभर ग्रॅम, नव्वद रुपये. मला धक्का बसला. अण्णा, खरं सांगते, घरी जाताना डोळ्यांत पाणी होतं. वाटलं, माझं काही चुकलं का?

वहीत तुम्ही पान उघडलं होतंत. वर नाव लिहिलं होतंत, ‘तारवाली’. आधीच्या पानावर एका कारखानदाराचं खातं, पुढच्या पानावर दुसऱ्याचं. ज्या वहीत धंदा करणारी माणसं होती, त्या वहीत तुम्ही मला पान दिलंत. घरात तेव्हा अजून ‘तिचा छंद’ असं म्हणत होते. आईने एकदा तुमच्या दुकानात ते पान पाहिलं आणि त्यानंतर तो शब्द आमच्या घरात मी ऐकला नाही. मी स्वतः दागिन्याची किंमत लावायला शिकले तीही त्या वहीमुळे. तार इतके ग्रॅम, चांदी इतकी, वेळ इतका. त्याआधी कुणी ‘किती द्यायचे?’ विचारलं की मी ‘द्या काहीही’ म्हणायचे.

गेल्या आठवड्यात दुकानात गेले होते. तुमच्या खुर्चीवर आता दादा बसतो, चांगलं काम करतो. त्याने वही काढून माझं पान दाखवलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची शेवटची नोंद तुमच्या हातची आहे, अक्षर जरा तिरकं गेलंय. 30 नंबर, दीडशे ग्रॅम, बाकी 140 रुपये. दादा म्हणाला, जाऊ दे, खोडून टाकतो. मी त्याला खोडू दिलं नाही.

रविवारी घरी येते. पैसे घेऊन येते, आणि पहिली चांदीच्या सांगाड्याची नथ झालीय तीही आणते. डॉक्टरांनी उजेडाकडे बघायला परवानगी दिली असेल तर दारात धरून बघा, मधनं दिसतोय का.

तुमच्या खात्यावरची,
तारवाली