‘एज्युकेशन’ बरोबर, पण त्याच अक्षरांत अजून दोन शब्द बसतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी मुलांच्या पानावर तुम्ही नऊ इंग्रजी अक्षरं दिली होती, ए सी डी ई आय एन ओ टी यू, आणि सगळी वापरून मोठ्यात मोठा शब्द करा म्हणून सांगितलं होतं. या रविवारी उत्तर छापून आलं, एज्युकेशन. ते बरोबरच आहे, पण त्याच नऊ अक्षरांत कॉशन्ड आणि ऑक्शन्ड हे दोन शब्दही पूर्ण बसतात, एकही अक्षर उरत नाही. ते छापले नाहीत म्हणून हे पत्र.

आमच्या शेजारची पोरगी सहावीत आहे, मराठी मिडीयम. मी सांगलीत बरीच वर्षं टायपिंगचे क्लास घेतले, त्यामुळे इंग्रजी शब्दांचं काहीही असलं की ती माझ्याकडे येते. तुमचं कोडं घेऊन आली तेव्हा आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाचे नऊ चौकोन कापले, एकेकावर एकेक अक्षर लिहिलं आणि जमिनीवर मांडून बसलो. मी तिला फक्त एवढंच सांगितलं की आधी शब्दाचं शेपूट शोध, म्हणजे टी-आय-ओ-एन, आय-एन-जी, ई-डी, एन-ई-एस-एस असलं काही जमतंय का बघ, कारण इंग्रजीतले लांब शब्द बहुतेक अशा तयार तुकड्यांचेच असतात आणि तुकडा बाजूला काढला की उरलेली चारपाच अक्षरं जुळवणं सोपं जातं. तिने टी-आय-ओ-एन बाजूला काढलं. उरले ए सी डी ई यू. आता हे पाचही पुढे लावले तर एज्युकेशन होतं, पण तिला ते दिसलं नाही, तिने ई-डी उचलून पार शेवटाला नेलं, मग उरलं सी ए यू, आणि ती ओरडलीच, आजी हे कॉशन! दवाखान्यात फरशी पुसल्यावर पिवळा बोर्ड ठेवतात ना, त्याच्यावरचं! पुढे ई-डी होतंच, कॉशन्ड झालं, म्हणजे ताकीद दिली. मग मी म्हटलं सी ए यू ची जागा बदलून बघ, ए यू सी कर, तर ऑक्शन्ड, लिलाव केला. तिचे वडील मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना असतात त्यामुळे ऑक्शन शब्द घरात ऐकलेला होता.

रविवारी सकाळी पेपर आला आणि ती चौकोन तसेच मुठीत धरून आली, "आजी, माझं चुकलं का?" तिला समजावता समजावता मला फार वाईट वाटलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं, उलट तिने दोन शोधले होते आणि दोन्ही डिक्शनरीत आहेत.

इंग्लंडमध्ये चॅनल फोरवर काउंटडाउन नावाचा कार्यक्रम १९८२ पासून चालू आहे, तिथे नेमका हाच खेळ असतो, नऊ अक्षरं आणि ३० सेकंद. दोघांनी वेगवेगळे पण सारख्याच लांबीचे शब्द काढले तर मार्क दोघांनाही मिळतात, शब्द डिक्शनरीत असला की झालं, नऊच्या नऊ अक्षरं वापरली तर दुप्पट म्हणजे १८. आपल्या पोरांनाही तोच न्याय लावा एवढंच म्हणणं आहे.

अजून एक. या खेळात वर्तमानपत्राचा हात फार जुना आहे. स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या जोडून शब्द करायचा खेळ, ज्यांनी बनवला ते आल्फ्रेड बट्स न्यूयॉर्कचे आर्किटेक्ट, मंदीत काम गेलेलं, त्यांनी कुठलं अक्षर किती वेळा येतं हे न्यूयॉर्क टाइम्सचं पहिलं पान घेऊन मोजलं होतं. त्यावरून ई च्या १२ सोंगट्या ठेवल्या आणि क्यू अन् झेडची एकेकच, त्यांना १० गुण. एस मात्र मुद्दाम चारच, नाहीतर कुठल्याही शब्दाला एस जोडून जो तो अनेकवचन करत बसला असता. हे पोरांना सांगितलं की त्यांना कळतं कुठलं अक्षर कामाचं आणि कुठलं अडणारं, आणि क्यू आला की आधी यू हुडकायचा हेही लक्षात राहतं.

आमच्या क्लासमध्ये मी नवीन मुलींना हेच करायला लावायची. वरच्या ओळीतल्या दहा बटणांवर जेवढा लांब होईल तेवढा शब्द करा म्हणायचं, पोरी तासभर खटपट करायच्या आणि कुणाला तरी सापडायचं की टाइपरायटर हा शब्दच वरच्या ओळीत मावतो, दहा अक्षरी. नुसत्या उजव्या हाताने लॉलीपॉप होतं, नुसत्या डाव्याने स्टुअर्डेसेस, बारा अक्षरं. स्पेलिंगची भीती अशी जाते, ४५ अक्षरांचा तो फुप्फुसाच्या आजाराचा शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर येतो तो पाठ करून नाही जात. तो शब्द तर १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांनी लांबीसाठीच बनवलेला.

तर विनंती अशी, येत्या रविवारी कॉशन्ड आणि ऑक्शन्ड ही पण बरोबर उत्तरं आहेत असं दोन ओळीत छापा, आणि इथून पुढे जेवढी उत्तरं होत असतील तेवढी सगळी द्या, सोबत कसं शोधायचं तेही थोडं लिहा. मोबाईलवर अक्षरं टाकली की शब्द लगेच येतो पण शोधायचं कसं ते त्यातून कळत नाही.

पुढच्या कोड्यासाठी मीच आठ अक्षरं पाठवते, ए ई जी आय एल एन आर टी. आठही वापरून निदान पाच शब्द होतात. एक ट्रँगल, तो भूमितीच्या पुस्तकात आहेच. बाकीचे चार छापू नका, पोरांना शोधू द्या, आय-एन-जी बाजूला काढा एवढं मात्र सांगा.

आपली,
एक जुनी टायपिंग शिक्षिका, सांगली