गवत कापायचं यंत्र

माननीय संपादक,

माणसावर उलटणाऱ्या यंत्रांच्या भयपटांवरचा रविवार पुरवणीतील लेख आवडला, पण त्यात ‘मॅक्झिमम ओव्हरड्राइव्ह’ (१९८६) राहून गेला. कादंबरीकार स्टीफन किंग यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. धूमकेतूच्या शेपटीतून पृथ्वी जाते आणि एटीएम शिव्या देऊ लागतं, शीतपेयाचं यंत्र डबे गोळीसारखे झाडतं, ट्रक माणसांना पेट्रोल पंपावर कोंडून स्वतःत इंधन भरून घेतात. चित्रपट म्हणून तो सुमारच, हे मान्य. मी तरीही दोनदा पाहिला!

खरी भीती पडद्यामागे आहे. १९८५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात चित्रीकरण चालू असताना दूरनियंत्रित गवत कापायचं यंत्र कॅमेऱ्याखालच्या लाकडी ठोकळ्यावर चढलं. उडालेल्या ढलप्यांनी छायाचित्रणकाराचा एक डोळा निकामी झाला. प्रकरण कोर्टात गेलं आणि तडजोडीवर मिटलं. पाती काढून ठेवली असती तर कॅमेऱ्यात काय फरक दिसला असता? त्या दिवशी पृथ्वी कुठल्याही धूमकेतूच्या शेपटीतून जात नव्हती.

– एक वाचक, ठाणे