पळा जरूर, पण पैसे अडीच वर्षं पुरले पाहिजेत

संपादक महोदय,
नमस्कार. थंडी पडली की नागपुरात दर रविवारी कुठे ना कुठे रन असतेच, त्यात आमच्या भागातली पोरंपोरी यंदा एका लहान मुलाच्या ट्रीटमेंटसाठी पळून राहिली, अंबाझरी ते फुटाळा आणि परत. ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे रक्कम कबूल करून घ्यायची आणि पळून दाखवायचं, एवढा साधा हिशोब. मुलाला ब्लड कॅन्सर आहे, डॉक्टर एएलएल म्हणतात तो, लहान मुलांमध्ये हाच सगळ्यात जास्त दिसतो. वडील मजुरीवाले, गाव गडचिरोलीत पार आतलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, आणि बॅनरवर त्याचा फोटोही नको असं मी पोरांना सांगितलं, कारण तो उद्या बरा होऊन शाळेत जाईल तेव्हा सगळ्यांनी त्याला "कॅन्सरवाला" म्हणून ओळखायचं काहून?

काही लोक म्हणतात पळून काय होते, द्यायचे तर सरळ पैसे द्या ना. बरोबर आहे, पण सरळ कोणी देत नाही हो! १९८८ मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये ब्रूस क्लेलँड नावाच्या माणसाने, त्याच्या मुलीला ल्युकेमिया म्हणजे ब्लड कॅन्सरच होता, ३८ जणांची टीम पळवली आणि ३ लाख २२ हजार डॉलर जमवले. माणूस घाम गाळताना दिसला की लोकांचा हात खिशात जातो, हे आपल्याकडेही तसंच आहे.

माझं म्हणणं पळण्याबद्दल नाहीच, जमलेल्या पैशाचं पुढे काय करता याबद्दल आहे. हे पैसे लग्नातल्या आहेरासारखे एकदाच येतात, सगळे पहिल्याच महिन्यात, आणि ट्रीटमेंट चालते दोन-अडीच वर्षं. पहिला महिना जड असतो, ॲडमिट राहणं, स्टिरॉइड, सलाईनमधून केमो, पाठीत इंजेक्शन, तेव्हा सगळे विचारायला येतात. महिनाभराने रिपोर्टमध्ये कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा होतात, पुढे केमोचे आणखी टप्पे होतात, आणि शेवटी मेंटेनन्स लागतो, म्हणजे रोजची एक गोळी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. (हे औषध अमेरिकेत ज्यांच्या टीमने बनवलं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे, आपल्या पोरांना कोणी सांगतच नाही.) तोवर केस परत आलेले असतात, पोरगं अंगणात खेळून राहिलं असते, मग घरच्यांना वाटते झालं आता, कशाला तिकीट काढून नागपूरला जायचं, आणि तिथेच ट्रीटमेंट सुटते. अर्धवट सोडली की आजार उलटून यायचा धोका वाढतो आणि दुसऱ्या वेळी बरा करणं फार अवघड. नाहीतर ट्रीटमेंट पूर्ण झाली तर यातली बहुतेक पोरं बरी होतात, श्रीमंत देशांत दहातली नऊच्या जवळपास.

आता कोणी म्हणेल महात्मा फुले योजना आहे की. आहे, आणि तिचा मोठाच आधार आहे, पण योजना हॉस्पिटलचं बिल बघते. सरकारी मेडिकल कॉलेजजवळ, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलजवळ किंवा जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलकडे भाड्याची खोली घ्यायची तर ते भाडं कोण देणार, बापाची बुडालेली मजुरी कोण देणार? आणि खोली लागतेच, कारण केमोने पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना ताप आला तर ती इमर्जन्सी असते, रात्री दोन वाजता भामरागडहून निघून कसं जमेल बापा. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-बालाघाटहून येणाऱ्यांकडे तर महाराष्ट्राचं रेशन कार्डही नसते, मग ही योजना कुठली मिळणार.

म्हणून पोरांना माझं सांगणं आहे की जमलेला सगळा पैसा पहिल्या दिवशी हातात देऊन फोटो काढू नका. थोडा आता द्या, बाकीचा बँकेत ठेवून दर महिन्याला खोलीभाडं, बसचं तिकीट, रक्ताच्या तपासणीचा खर्च असा देत जा, आणि हिशोब ग्रुपवर टाका म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. मेडल आणि टीशर्ट तर नकोच. एका बाईंना हे आवडलं नाही, त्या म्हणाल्या मेडल नसलं तर लोक येणार नाहीत, तर न येवोत.

ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांच्यासाठी दुसरं काम आहे, प्लेटलेट देणं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. या पोरांना त्या वारंवार लागतात आणि ब्लड बँकेत पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. साधं रक्त दिलं की पुरुषांना तीन महिने थांबावं लागते, पण मशीनवर नुसत्या प्लेटलेट दिल्या तर ४८ तासांनंतर परत देता येतात. आपल्याकडे थॅलेसेमियाची पोरंही रक्तावरच असतात, सिकलसेलच्या पोरांनाही अधूनमधून रक्त लागते, त्यात मे महिन्यात ४५ डिग्रीत कॉलेजं बंद, शिबिरं बंद. तेव्हा रक्त देणारे शोधत फिरण्यापेक्षा आत्ताच नावं लिहून ठेवलेली बरी.

पत्र छापणार असाल तर रविवारच्या आधी छापा ही विनंती. चेस्ट नंबर वाटतील त्याच टेबलावर मी ब्लड ग्रुप आणि फोन नंबर लिहून घ्यायला वही घेऊन बसते आहे.

आपली एक वाचक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर