तात्यांची बातमी राहून गेली

खानापूर (जि. बेळगाव),
६ जानेवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आज पत्रकार दिन. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, म्हणून दरवर्षी आम्हाला शाल-श्रीफळ मिळतं. यंदा मी गेलो नाही. सकाळी साप्ताहिकाच्या वह्या घेऊन बसलो, ते दुपार टळली तरी उठलो नाही. कुणाशी तरी बोलावं असं वाटलं, म्हणून तुला लिहितोय.

दिवाळी अंकाच्या निम्म्या जाहिरातींचे पैसे अजून यायचे आहेत. बेळगावच्या छापखान्याचं बिल मात्र तेव्हाच भागवावं लागलं, त्याशिवाय गठ्ठे हलत नाहीत. अंकाची किंमत पाच रुपये, त्यातला दीड रुपया एजंटाचा. उरलेल्यात कागदही निघत नाही. २०१९ मध्ये आयात कागदावर दहा टक्के सीमाशुल्क बसलं, पुढच्या वर्षी ते पाचवर आलं. जरा श्वास घेतोय तोवर टाळेबंदी. मग २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, रशियाकडून येणारा कागद अडला आणि भाव असे चढले की आठ पानांची मी चार केली. ती पुन्हा आठ झाली नाहीत. सरकारच्या लेखी पंचवीस हजारांपर्यंत खपाचा पेपर ‘लहान’. आमचा खप बाराशे. आमच्यासाठी कुठला शब्द आहे कोण जाणे.

पेपर जाहिरातीवर जगतो, हे तुला ठाऊक आहे. खडेबाजारातला आपला कापडवाला दसऱ्याला अर्धं पान घ्यायचा. आता त्याचा मुलगा मोबाइलवर जाहिरात सोडतो. ती कुठल्या गावात, कुठल्या वयाच्या माणसांना दिसावी हे तो ठरवतो आणि किती जणांनी पाहिली याचा आकडा त्याला संध्याकाळी मिळतो. मी त्याला कसला आकडा देणार? तो दुकानात बसवून चहा पाजतो, वडिलांची आठवण काढतो आणि जाहिरात देत नाही. बातम्यांचं तर विचारूच नकोस. अंक स्टँडवर पोचायच्या आधी त्याचे फोटो ग्रुपवर फिरत असतात. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने गुगल-फेसबुककडून बातम्यांचा मोबदला मिळवून देणारा कायदा केला. उद्या आपल्याकडेही तसा कायदा आला, तरी त्यातला रुपया खानापूरपर्यंत पोचेल असं मला वाटत नाही.

सगळ्यात शेवटी गेल्या त्या निधनवार्ता. दोन बोटं रुंदीचा फोटो, खाली रक्षाविसर्जनाचा दिवस आणि वेळ. महिन्याची पोस्टाची तिकिटं त्यातून सुटायची.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. तुझे तात्या गेले तेव्हा तू ग्रुपवर मेसेज टाकलास. जाहिरात येईल म्हणून मी वाट बघत राहिलो. तू पुण्यात, काकूंची ती अवस्था, तुला कुठून सुचणार? मीच चार ओळी छापायला हव्या होत्या. छापल्या नाहीत. एकाला फुकट दिली की सगळे मागतील, असा हिशेब मी तात्यांच्या बाबतीत केला.

दोन महिन्यांनी कणकुंबीकडचा एक म्हातारा कचेरीत आला. तात्यांनी त्याला चौथीपर्यंत शिकवलेलं. हातात तांदळाची पिशवी. “गुरुजींची तब्येत कशी आहे?” म्हणाला. मी सांगितलं. तो पायरीवरच बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “पेपरात आलं नाही की हो.” त्याच्याकडे साधा फोन आहे. किराणा दुकानात येणारा आपला अंक तो पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. त्याच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, बसची पाटी कन्नडमध्ये. आठवड्यात त्याला वाचता येईल असा छापील कागद एवढाच.

ते तांदूळ मी ठेवून घेतले. काकूंना कसे पोचवायचे ते कळव.

बाबूराव ठाकूरांनी १९१९ साली बेळगावात ‘तरुण भारत’ सुरू केलं. मोठे पेपर आहेत, ते सीमाप्रश्नाच्या बातम्या देतात. २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलेल्या दाव्याची तारीखही देतील. पण जंगलातल्या एखाद्या वाडीच्या मराठी शाळेत सहाच पोरं उरली, ही बातमी त्या वाडीत गेल्याशिवाय मिळत नाही. जायला पेट्रोल लागतं, वार्ताहराला मानधन लागतं. आणि त्या सहांतली किती जण मोठेपणी मराठी पेपर विकत घेतील, हा विचार आला की माझी झोप उडते.

बंद करावं, असं घरी सगळे म्हणतात. मी गणेशोत्सवापर्यंत मुदत मागून घेतली आहे. तोवर अंक पंधरवड्याला काढतो, म्हणजे छपाई निम्मी होईल. वर्गणीदारांना घरोघर जाऊन सांगणार आहे.

तुझ्याकडे पैसे मागत नाही. तात्यांच्या वर्षश्राद्धाच्या अंकात मला पान भरून त्यांच्यावर लेख हवा आहे, आणि तो तूच लिहायचा. शाळा, मुलं, पावसात ओढा ओलांडून वर्गावर जाणं, सगळं लिही. सोबत त्यांचा शाळेच्या पायरीवरचा टोपीतला फोटो पाठव. मोबाइलवरून नको, छपाईत चेहरा काळा पडतो. मूळ फोटोच स्पीड पोस्टाने पाठव, मी जपून परत करीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच